अख्खा इसवण, बोथट सुरी आणि धारेचा दगड: कुठला घेऊ?

इसवणप्रेमी (फोंडा)
मंडळी, गेल्या रविवारी हौसेने अख्खा इसवण (सुरमई) घरी आणला. बाजारात कापून घेतला नाही, कारण घरात नवी आठ इंची सुरी होती आणि ती पाहुण्यांसमोर चालवून दाखवायची होती. पहिल्याच तुकडीला सुरी कातडीवरून घसरली. जोर लावला तर मांस चिरडलं, काटा जागच्या जागी. मेव्हणा सोफ्यावरून म्हणाला, "भावजी, मासा अजून जिवंत आहे की काय?" शेवटी आई आदोळीवर (विळीवर) बसली आणि दहा मिनिटांत सगळं आटोपलं. उठताना म्हणाली, हिचीही धार गेलीय रे, पूर्वीसारखी राहिली नाही.

तर आता धारेचा दगड घ्यायचाच. समोर तीन पर्याय आहेत. हार्डवेअरच्या दुकानातला करडा दुतोंडी कारबोरंडम, एक बाजू जाड, एक बारीक, अडीचशे रुपये. जपानी पाण्याचा दगड, १०००/६००० (आकडा जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक), चार हजारांच्या आसपास. आणि डायमंड प्लेट, दीड हजार. धार लावायची आहे ती या स्टेनलेसच्या सुरीला, लोहाराकडून घेतलेल्या एका जाड सुरीला आणि आदोळीला. चार हजार घालून खरंच फरक पडतो का? ज्यांनी हाताने वापरलंय त्यांनीच लिहा. व्हिडिओ बघून मीही पुष्कळ हुशार झालोय.

पेडण्याचो_बाबलो
न्हाणीबाहेरचा कपडे धुवायचा फातर. किंमत शून्य रुपये, साबण लागलेलाच असतो. पुढचा प्रश्न?

कळंगुटचा_आचारी
हॉटेलच्या किचनमध्ये चौदा वर्षं झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी पोलाद बघा. आठ इंची स्टेनलेसच्या सुऱ्या बहुतेक जर्मन धाटणीच्या असतात, कठीणपणा रॉकवेल मापात ५६ च्या आसपास. जपानी सुरी ६० च्या वर जाते. मऊ पोलादाला धार लवकर लागते आणि लवकर जाते. कठीण पोलादाला वेळ लागतो, धार टिकते, पण हाडावर मारली की टवका उडतो. तुमच्या सुरीला १००० चा एक दगड भरपूर झाला.

कोन: जर्मनला एका बाजूने २० अंश, जपानीला १५. कोनमापक घेऊन बसू नका. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर १५ अंशाला पाठ दगडापासून १२ मिलिमीटर वर, २० अंशाला १५ मिलिमीटर. तेवढ्या उंचीची रुपयांची नाणी रचून एकदा बघा, हाताला ओळख पटते. मग नाणी ठेवून द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक लव उभी राहते. पातं आडवं धरून अंगठा पाठीकडून धारेकडे हलका ओढला की ती नखाला अडते. मुठीपासून टोकापर्यंत ती लागली तरच बाजू बदलायची. दहा घासे इकडे, दहा घासे तिकडे असं मोजून काही होत नाही. बहुतेक लोक लव यायच्या आधीच थांबतात आणि दगडाला नावं ठेवतात.

एक विचारायचं राहिलं, तुम्ही कापता कशावर?

वास्कोचा_फिटर
आचारीबाबांशी सहमत, एक पुरवणी. हे जे १०००, ६००० आकडे तुम्ही वाचता ते सगळीकडे सारखे नसतात. जपानी मापात १००० म्हणजे कण साधारण १२ ते १५ मायक्रॉन. पॉलिश पेपरवर 'पी' लिहिलेलं असतं, तिथे १००० म्हणजे १८. युरोपच्या 'एफ' मापात १००० म्हणजे साडेचार मायक्रॉन! तेव्हा दोन वेगळ्या देशांचे दगड नुसत्या आकड्यावर तोलू नका. हार्डवेअरवाल्या दुतोंडी दगडावर तर बऱ्याचदा आकडाच नसतो. जाड बाजू १२० च्या, बारीक २४० च्या आसपास धरून चाला.

आमच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं याच दगडावर स्क्रेपर आणि छिन्न्या लावल्या. चार हजारांचा दगड मी कधी हातात धरला नाही आणि घरी टोमॅटो कधी चेंगरला नाही.

सायलीचा_वेल
बाबलोंच्या फातरावरून आठवलं. लग्नाला सहा महिने झाले होते, चतुर्थीचा आदला दिवस. माटोळीची (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवाची) दोरं कापायला सुरी घेतली तर ती चालेना. देवखोलीच्या कोपऱ्यात एक गोल, मऊसूत दगड दिसला. वाटलं, किती विचारी घर आहे, सुरीला वेगळा दगड ठेवलाय. पाणी शिंपडून छान घासली. सुरी अशी चालली की मामंजींनी कौतुक केलं.

सकाळी भटजी आले. सासूबाईंनी चंदन उगाळायला घेतलं. पहिल्या वेढ्याला गंध राखाडी. दुसऱ्या वेढ्याला आणखी राखाडी. त्या वर्षी गणपतीला शाडूच्या रंगाचं गंध लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त सहाण उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. सतरा वर्षं झाली, किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे.

पेडण्याचो_बाबलो
ताई, पण धार कशी लागली ते सांगा ना. मूळ प्रश्नाला तुमचंच उत्तर सगळ्यात उपयोगी दिसतंय.

सायलीचा_वेल
अप्रतिम लागली होती.

शब्दवेडा
सायलीताईंची चूक अगदीच चूक नाही. धारेच्या दगडाला मराठीत साण म्हणतातच, संस्कृत शाणवरून. सहाण आणि साण यांत एका 'ह'चं अंतर! निसणा हाही जुना शब्द. आणि क्रियापद पाहा, धार 'लावतात', कोयता 'पाजवतात'.

आता कारबोरंडम. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होते. चिकणमाती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवला, हिऱ्याऐवजी चमकदार, अतिशय कठीण स्फटिक हाती लागले. त्यांना वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं संयुग, म्हणून नाव कारबोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघालं. गंमत पुढे आहे. इंग्रजांनी तो 'कोरंडम' शब्द तमिळ कुरुंदमवरून उचलला, संस्कृतात कुरुविंद, आपल्याकडे कुरुंद. लाखेत कुरुंदाची पूड घालून केलेली चाकं आपल्याकडचे शिकलगार आणि पैलू पाडणारे पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही मागता ते नाव अर्धं आपल्याच दक्षिणेकडचं, फक्त अमेरिकेला जाऊन आलेलं.

म्हापशाची_माय
लिहिताहात छान, पण आदोळीबद्दल कोणी बोलेना. सुरी दगडावर नेता येते. आदोळीचं पातं पाटाला ठोकलेलं, वर वाकडं, पुढे खोबरं खवायची चकती. ती उचलून दगडावर घासणार कशी? दगड आदोळीपाशी न्यावा लागतो.

आमच्याकडे रीत अशी. आदोळी भिंतीला टेकवायची, पाटावर नेहमीसारखा पाय द्यायचा. छोटा लांबट दगड हातात धरायचा, बोटं दगडाच्या कडेच्या आत. पात्याच्या बुडापासून वरच्या वळणापर्यंत एकाच दमात दगड न्यायचा, वळणावर मनगट फिरवायचं. ओढताना बोट धारेकडे गेलं तर कापेल. आधी एक बाजू, मग दुसरी बाजू चार-पाच हलके घासे. आठ इंची मोठा दगड याला कामाचा नाही, हातात मावत नाही. गवत कापायच्या विळ्यासाठी दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा दगड मिळतो, तो उत्तम. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतला होता, नारळाच्या खवणीशेजारी ठेवलेला असतो, विकणाऱ्यालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

पेडण्याचो_बाबलो
आमच्याकडे आदोळी नाही, आडाळो. पुल्लिंगी आहे म्हणून जास्त बोथट.

म्हापशाची_माय
हे मात्र खरं.

डिचोलीचा_दगडफोड्या
भूशास्त्र शिकलोय म्हणून राहवत नाही. लोक चिऱ्यावर सुऱ्या घासतात, विहिरीच्या काठावर खोलगट खाचा दिसतात त्या त्याच. चिरा म्हणजे जांभा, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा, भोकं भोकं असलेला. खाणीतून निघताना मऊ, वाळल्यावर टणक. त्यात एका जागी गारेचा (क्वार्ट्‌झचा) खडा आणि बोटभर अंतरावर माती. कोयत्याला चालेल, कोयत्याला काहीही चालतं. सुरीला ओरखडे पडतील.

धारेच्या दगडाला हवेत एकसारखे बारीक आणि कठीण कण, आणि जुने कण झडून नवे वर येतील इतपतच घट्ट बांधणी. क्योतोच्या आसपासचे जपानी नैसर्गिक दगड, अमेरिकेतला आर्कान्सा, बेल्जियमचा गार्नेटचे कण असलेला पिवळसर कोटिक्यूल, हे नावाजले ते याच गुणावर. खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० मापात गार ७, कुरुंद ९, कारबोरंडम त्याहून थोडा वर, हिरा १०. सत्तरी तालुक्याच्या वरच्या अंगाला दख्खनचा काळा बेसाल्ट मिळतो, काणकोणला ग्रॅनाइटी खडक. रगडो करायला ठीक. धारेला नको.

मडगावकर_७०
रगड्याचं नाव निघालं म्हणून. पूर्वी टाकीवाला दारावर यायचा, पाटा गुळगुळीत झाला की टाकीने ठोकून परत खरखरीत करून द्यायचा. धारवालाही यायचा, सायकल स्टँडवर चढवून पेडल मारत चाक फिरवायचा, ठिणग्या बघायला आम्ही पोरं गोळा व्हायचो. त्याच्या चाकाने सुरी वर्षागणिक अर्धा बोट बारीक व्हायची ते सोडा. आता दोघेही येत नाहीत. आमच्या वाड्यावर सायकलच येत नाही.

जुवारकर
माझा अनुभव लिहितो, कोणी फसू नये म्हणून. ऑनलाइन एक खटका घेतला, दोन खाचांतून सुरी ओढायची, धार तयार. पहिल्या दिवशी खूश. महिन्याने सुरीच्या धारेला करवतीसारखे दाते. भिंगातून पाहिलं तर पोलाद कापलेलं नाही, ओरबाडलेलं. परत करायला गेलो तर मुदत संपलेली. सध्या पाव कापायला वापरतो, त्या सुरीला आता तेवढंच येतं.

काजूबागेतली
डायमंड प्लेटबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. दोन वर्षं वापरतेय. चांगलं असं की सपाटच राहते, दगडासारखा खळगा पडत नाही, भिजवावं लागत नाही, काम झटपट. वाईट असं की पहिले काही आठवडे फार खरखरीत चरे पाडते, घाबरू नका, नंतर निवते. दाबायचं अजिबात नाही. हिऱ्याचे कण निकेलच्या थरात बसवलेले असतात, जोर लावला की उखडतात. माझ्या नवऱ्याने कोयता घासला, मधोमध टक्कल पडलंय. प्लेटला.

कळंगुटचा_आचारी
इसवणप्रेमी, कशावर कापता ते सांगितलं नाहीत.

आणि फिटरबाबा, मला ६००० चं थोडं बोलू द्या. कच्च्या माशाची पातळ कापं काढायची तर २४० च्या धारेने मांसाचा पृष्ठभाग फाटतो, पाणी सुटतं. ६००० ने चकचकीत केलेली धार मांसातून नुसती सरकते. हा फरक ताटात दिसतो.

वास्कोचा_फिटर
ताटात दिसत असेल, कढईत दिसत नाही. तुकडी रवा लावून तव्यावर जायची आहे. उलट इसवणाची कातडी, टोमॅटोची साल, भोपळी मिरची, यांना धारेला किंचित दाते असलेले बरे, ते पकड घेतात. आरशासारखी धार सालीवरून घसरते. शिवाय ५६ च्या मऊ पोलादाला ६००० लावून किती दिवस टिकणार? दोन वेळच्या स्वयंपाकाला.

कळंगुटचा_आचारी
धार घसरते ती पॉलिशमुळे नाही, बाजू नीट न भिडवता पॉलिश केल्यामुळे. १००० वर लव पूर्ण काढली नाही आणि ६००० वर गेलात की बोथटपणालाच चमक येते. पण मऊ पोलादाला ६००० ची गरज नाही हे मान्य. मी सुरुवातीलाच १००० म्हटलं होतं, वर जाऊन वाचा.

वास्कोचा_फिटर
वाचलं. मग भांडतोय कशाला आपण?

पेडण्याचो_बाबलो
पावसाळा आहे, मासेमारी बंद आहे, दुसरं काय करणार?

वाळपईची_पावसाळी
पावसाळ्यावरून एक धोक्याची सूचना. पाण्याचा दगड मी जूनमध्ये वापरला, ओलाच पेटीत घालून ठेवला. चतुर्थीला उघडला तेव्हा त्यावर हिरवी-काळी बुरशी, वास असा की पेटीसकट बाहेर. दगड सावलीत उभा करून दोन-तीन दिवस वाळवा, मगच ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात घाईने वाळवू नका, तडा जातो. आणि प्रत्येक दगड भिजवायचा नसतो. किंग कंपनीच्या दगडांसारखे सच्छिद्र दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवतात, शॅप्टनच्या सिरॅमिक दगडावर नुसतं पाणी शिंपडलं की झालं.

लोहाराच्या सुरीला तर आमच्याकडे एका रात्रीत गंज चढतो. पुसून खोबरेल लावून ठेवते.

गोडेतेल
खोबरेल सुरीला ठीक. मी दगडालाच घातलं. आता दगड चिकट, घासला की मेणासारखा लगदा येतो, धार नाही. उपाय आहे का?

वास्कोचा_फिटर
खाद्यतेल दगडाला कधीही नको, छिद्रांत बसून घट्ट होतं. रॉकेल असेल तर रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी भांडी घासायचा साबण आणि ताठ ब्रश. दगडाला तेल हवंच असेल तर शिलाई मशीनचं, पातळ. तेलाचं काम धार लावणं नाही, सुटलेला चुरा तरंगत ठेवणं आहे म्हणजे छिद्रं बुजत नाहीत. कारबोरंडमला नुसतं पाणीही चालतं. फक्त एकदा तेल पाजलंत की तो दगड कायम तेलाचा, मग पाणी वर थेंब होऊन बसतं.

चहाबाज
दगड नसेल त्या दिवसापुरतं: चिनीमातीचा कप उपडा करा. बुडाला चकाकी नसलेलं खरखरीत कडं असतं, त्यावर दहा-बारा घासे. आमची आजी लोणच्याच्या बरणीचं बूड वापरायची. सुरी धारदार आणि लोणच्याला कारण.

इसवणप्रेमी (फोंडा)
उशिराबद्दल क्षमस्व, तीन आठवडे झाले. सगळं वाचून अडीचशेवालाच घेतला. कसा निघाला ते सविस्तर लिहितो, कारण वर कुणीही न सांगितलेली एक गोष्ट मला भोवली.

पहिल्या दिवशी तासभर घासलं, लव येईना. मध्ये यायची, टोकाला नाही. वैतागून दगडावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि खिडकीकडे करून पाहिलं, तर मधून उजेड! नवाकोरा दगड, पण मधे खोल. मडगावकरांनी टाकीवाल्याची आठवण काढली होती, तिथून डोकं चाललं. मागच्या अंगणातल्या कडाप्प्यावर पाण्याचा १२० चा पॉलिश पेपर चिकटवला, दगडावर पेन्सिलने चौकटी आखल्या आणि चौकटी पुसेपर्यंत घासत बसलो. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या हटत नव्हत्या. तीन पेपर आणि पाऊण तास लागला. हात कोपरापर्यंत काळे, बायको म्हणाली गॅरेज काढलंय का. पण नंतर त्याच दगडावर आचारीबाबांच्या नाण्यांच्या मापाने बसलो तर सहा मिनिटांत मुठीपासून टोकापर्यंत लव. बाजू बदलली, मग बारीक बाजू, शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलटी ओढली. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापला गेला. टोमॅटोची चकती अशी की त्यातून फोंड्याची बातमी वाचता आली.

लोहाराची सुरी मात्र कमाल निघाली. महागडीपेक्षा लवकर धार धरली.

आता आचारीबाबांच्या प्रश्नाचं उत्तर. दोनदा टाळलं, कारण लाज वाटत होती. लग्नात भेट आलेल्या काचेच्या बोर्डवर कापत होतो. धुवायला सोपा म्हणून. चार दिवसांत पुन्हा बोथट झाली तेव्हा काय ते कळलं. आता फणसाच्या लाकडाचा पाट आणलाय.

कळंगुटचा_आचारी
काच! मला वाटलंच होतं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापणारेही हेच करतात आणि दगड बदलत राहतात. बोर्ड फेकून द्या, नाहीतर त्यावर चपात्या लाटा.

म्हापशाची_माय
आणि आदोळीचं काय झालं?

इसवणप्रेमी (फोंडा)
माय, तुमची रीत आईला वाचून दाखवली. तिने अर्धं ऐकलं, हात पुढे करून म्हणाली, दगड दे. मोठा आहे, हातात मावणार नाही म्हटलं, तर हातोडीने एका ठोक्यात दगडाचे दोन तुकडे केले आणि लांबटसा तुकडा घेऊन बसली. मी पाऊण तास सपाट केलेला दगड! पाटावर पाय, मनगट वळणावर फिरलं ते तुम्ही लिहिलंय तस्संच. पाच-सात घासे, अंगठा आडवा फिरवून बघितला, झालं. उरलेला तुकडा मला परत दिला, तुझ्या सुरीला पुरे म्हणून.

फक्त खोबरं खवायच्या चकतीचे दात झिजलेत, त्याला हा दगड लागत नाही.

वास्कोचा_फिटर
बारीक त्रिकोणी कानस. एकेका दातामध्ये पुढच्या दिशेने दोन-दोन घासे, मागे ओढताना उचलायची. घाई केली की दात लहान-मोठे होतात.

पेडण्याचो_बाबलो
आईंना देऊ नका, कानसीचेही दोन तुकडे करतील.